वार करणारा दाखला विचारत नाही

३० जानेवारी १९९० रोजी, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, 'अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९' हा कायदा भारतात अंमलात आला. आपण बोलताना ज्याला 'अॅट्रॉसिटी' म्हणतो तो हाच कायदा. खून, मारहाण, बलात्कार, जाळपोळ ही कृत्ये त्यापूर्वीही गुन्हेच होती; १८६० च्या दंड संहितेत त्यांना शिक्षा सांगितलेली होती. मग त्याच कृत्यांसाठी वेगळा आणि अधिक कडक कायदा कशासाठी, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, काही गुन्ह्यांत मार एकाला बसतो, परंतु धाक साऱ्या वस्तीला बसतो. पैशाच्या भांडणातून एका माणसाला मारले, तर त्याचे घर दुःखात बुडते. एखाद्याला 'तू अमुक जातीचा असून घोड्यावर बसतोस काय' म्हणून मारले, तर त्या जातीतील प्रत्येक घर त्या रात्री दाराला आतून कडी घालते. पाश्चात्त्य देशांत अशा अपराधांना 'द्वेषमूलक गुन्हे' म्हटले जाते. आपल्या देशात ते नाव रूढ नसले, तरी १९८९ चा कायदा हा त्याच कुळातील आहे.

असा कायदा करायचे ठरले की, लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो अधिक अवघड असतो. हे विशेष संरक्षण कोणाला द्यायचे? सर्वांना दिले तर ते विशेष राहत नाही. काहींना दिले तर उरलेल्यांना कोणत्या न्यायाने वगळायचे? या प्रश्नाचा आपल्या देशातील इतिहास वाचकांपुढे मांडावा, असे मनात आहे. ज्यांना या यादीच्या बाहेर ठेवण्यात आले, त्यांत आपले लक्षावधी श्रद्धाबंधू आहेत. आणि केवळ तेच आहेत असेही नाही.

यादी नसलेला कायदा

भारतीय संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. घटना समितीने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. त्याला दात देण्यासाठी संसदेने 'अस्पृश्यता (अपराध) अधिनियम' केला आणि तो १ जून १९५५ पासून लागू झाला. देवळात, विहिरीवर, दुकानात, खानावळीत, दवाखान्यात कोणाला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविले तर तो गुन्हा ठरला.

या कायद्याची एक गोष्ट आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे. पीडित व्यक्ती अमुक यादीतीलच असली पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. कृत्य 'अस्पृश्यतेच्या कारणावरून' घडले का, एवढाच त्याचा मूळ प्रश्न होता. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कारण अस्पृश्यता हेच होते असे न्यायालयाने आधी गृहीत धरावे, अशी सवलत त्यात होती. परंतु इतरांसाठी दार बंद केलेले नव्हते. धर्मांतर केलेल्या माणसाला अस्पृश्य म्हणून हाकलले, तर तोही या कायद्याकडे धाव घेऊ शकत होता.

दुर्दैवाने हा कायदा दुबळा ठरला. सुरुवातीला शिक्षा होती जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तक्रार आपसात मिटविण्याची मुभा होती. गावात जो बळकट तो 'आपसात मिटवणे' कसे घडवून आणतो, हे सांगायला नको. १९७६ साली कायद्यात सुधारणा होऊन 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे त्याचे नामांतर झाले, शिक्षा वाढली, तडजोडीची मुभा गेली. तोवर अन्यायाचे रूपच पालटू लागले होते. विहिरीवर अडविणे हा जुना प्रकार होता. शिकलेला, मजुरी वाढवून मागणारा, मताचा हक्क बजावणारा दलित जेव्हा अडविल्याने अडेना, तेव्हा त्याच्यावर शस्त्र उगारले जाऊ लागले.

२५ डिसेंबर १९६८ ची रात्र. आपण नाताळचा सण साजरा करीत होतो, त्याच रात्री तमिळनाडूतील तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी या गावी मजुरीच्या वादातून ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार आरोपी निर्दोष सुटले. १९७७ साली बिहारमधील बेलची येथे अकरा जणांचे हत्याकांड झाले. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. ते नाव प्रत्यक्षात लागण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. १९८५ च्या जुलैमध्ये आंध्र प्रदेशातील कारमचेडू येथे पिण्याच्या तळ्याच्या पाण्यावरून सुरू झालेल्या वादाचा शेवट दलितांच्या हत्यांत झाला. 'देवळात येऊ दिले नाही' या तक्रारीसाठी लिहिलेला कायदा या रक्तपातापुढे अपुरा होता. १९८९ चा कायदा या पार्श्वभूमीवर आला.

यादी असलेला कायदा

हा कायदा वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातील प्रत्येक पोटकलमामागे कोठेतरी प्रत्यक्ष घडलेली घटना आहे. अखाद्य पदार्थ बळजबरीने खायला वा प्यायला लावणे, विवस्त्र धिंड काढणे, जमीन बळकावणे, वेठबिगारी करवून घेणे, मतदानास अटकाव करणे, पाणवठा घाण करणे, गाव सोडायला भाग पाडणे, चारचौघांत अपमानित करणे: एवढे सारे त्यात नाव घेऊन लिहिले आहे. त्यासाठी विशेष न्यायालये आहेत, अटकपूर्व जामिनास मनाई आहे, कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासही शिक्षा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून त्यात आणखी भर पडली: पादत्राणांचा हार घालणे, मिशा भादरणे, सामाजिक बहिष्कार टाकणे हेही गुन्हे ठरले.

पण १९५५ च्या कायद्याशी तुलना करता येथे एक मूलभूत फरक झाला. हा कायदा पीडित कोण आणि आरोपी कोण हे आधी विचारतो. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची हवी. आरोपी त्या दोहोंपैकी नसलेला हवा. द्वेषाचा प्रवाह वरून खाली वाहतो हे ओळखूनच कायदेमंडळाने ही दिशा ठरविली, आणि ती योग्यच होती. ज्या समाजात असमानता पायऱ्यापायऱ्यांची आहे, तेथे वरच्या व खालच्या पायरीवरील माणसाला एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

आता 'अनुसूचित जाती' म्हणजे कोण? कायद्याने त्याची वेगळी व्याख्या केली नाही; संविधानातील व्याख्याच उचलली. आणि त्या व्याख्येच्या पोटात एक जुनी अट दडलेली होती.

परिच्छेद तिसरा

त्या अटीचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. १९३६ साली इंग्रज सरकारने अनुसूचित जातींची यादी काढली, तेव्हाच कोणत्याही भारतीय ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही, असे त्यात नमूद केले होते. स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी 'संविधान (अनुसूचित जाती) आदेश' काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे ठरले. पंजाबातील चार शीख जातींचा तेवढा अपवाद होता. १९५६ साली सर्व शीख दलितांना त्यात सामावून घेण्यात आले. १९९० साली बौद्धांना घेण्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले.

त्याच वर्षी, ६ सप्टेंबर १९५० रोजी निघालेल्या अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अट नाही. त्यामुळे ख्रिस्ती झालेला आदिवासी कायद्याच्या दृष्टीने आदिवासीच राहतो आणि अत्याचार झाल्यास त्याला १९८९ च्या कायद्याचे छत्र मिळते. ख्रिस्ती झालेल्या दलिताला ते मिळत नाही. दोघे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात, एकाच पात्रातून ख्रिस्तशरीर स्वीकारतात. पण चर्चच्या बाहेर पडताच एकाच्या डोक्यावर छत्र असते आणि दुसऱ्याच्या नसते.

१९९० सालच्या बौद्धांविषयीच्या दुरुस्तीचाही या संदर्भात विचार केला पाहिजे. १९८९ चा कायदा जानेवारी १९९० मध्ये अंमलात आला. बौद्धांना यादीत घेणारी दुरुस्ती त्यानंतर काही महिन्यांनी झाली. म्हणजे कायदा सुरू झाला त्या दिवशी महाराष्ट्रातील नवबौद्ध बांधव धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिताच केंद्राच्या यादीबाहेर पडत होते. त्यांच्यावरील अन्याय त्या काही महिन्यांत थांबला होता काय? मुळीच नाही. संसदेने ते ओळखले आणि चूक सुधारली. यादी ही देवाने दगडी पाट्यांवर लिहून दिलेली नाही, माणसांनी लिहिली आहे आणि माणसांनीच ती तीनदा हाताळली आहे, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९८५ साली आला. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, रस्त्याच्या कडेला बसून पादत्राणे शिवणारा सूसै नावाचा एक आदिद्रविड ख्रिस्ती चांभार होता. सरकारने रस्त्यावर बसणाऱ्या चांभारांना मोफत टपऱ्या देण्याची योजना काढली. पण ख्रिस्ती असल्यामुळे त्याला टपरी मिळाली नाही. शेजारी बसणाऱ्या हिंदू चांभाराची आरी, धागा, कातडे आणि त्याची आरी, धागा, कातडे यांत काय फरक होता? न्यायालयाने धर्मांतरानंतर जात पूर्णपणे नाहीशी होते असे म्हटले नाही. परंतु धर्मांतरानंतर नव्या धर्मसमाजातही जातीचे क्लेश तितक्याच तीव्रतेने चालू राहतात, हे पुराव्याने दाखविले पाहिजे, असे म्हणून याचिका फेटाळली.

या खटल्यात प्रश्न टपरीचा होता. ३० एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात प्रश्न थेट संरक्षणाचा होता. एका पाळकाने, जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाल्याची तक्रार केली होती. त्याच्याजवळ अनुसूचित जातीचा दाखलाही होता. परंतु तो अनेक वर्षे ख्रिस्ती पाळक म्हणून काम करीत असल्याने त्याचे अनुसूचित जातीचे स्थान संपले, सबब त्याला या कायद्याचा आधार घेता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने तो खटला रद्द केला. कायद्याच्या शब्दांप्रमाणे याहून एक विचित्र गोष्ट संभवते. असा ख्रिस्ती दलित कायद्याच्या लेखी 'अनुसूचित जातीचा नसलेला' ठरतो, म्हणून तो या कायद्याखाली पीडित होऊ शकत नाही, मात्र आरोपी होऊ शकतो!

दुसऱ्या बाजूने पाहू. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की, ज्याचे पूर्वज ख्रिस्ती झाले होते असा माणूस हिंदू धर्मात परतला आणि त्याच्या जातीने त्याला स्वीकारले, तर त्याला अनुसूचित जातीचे स्थान मिळते. म्हणजे जात परत मिळते. मग मधल्या दोन पिढ्या ती होती कोठे? ती गावाच्या स्मरणात होती. वार करणारा तेथूनच ती शोधून काढतो.

इतर देशांनी काय केले

या प्रश्नाशी झगडणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली आणि आठवड्याभरात नागरी हक्कांचा जो कायदा झाला, त्यात वंश, वर्ण, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांवरून होणाऱ्या हल्ल्यांना शिक्षा सांगण्यात आली. १९९० साली अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला. त्यात १९९४ साली अपंगत्वाची आणि पुढे २००९ साली लिंगभावाची भर पडली. एकेका गटाने आपल्या मृतांची नावे घेऊन संसदेचे दार ठोठावले, तेव्हा एकेक शब्द त्या यादीत चढला.

तेथील पद्धत मात्र आपल्याहून वेगळी आहे. तेथे कायदा 'कृष्णवर्णीय' असे म्हणत नाही, 'वंश' असे म्हणतो. म्हणून १९८९ साली विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा शहरात काही कृष्णवर्णीय तरुणांनी एका गोऱ्या मुलाला केवळ तो गोरा म्हणून मारले, तेव्हा तोच कायदा त्या गोऱ्या मुलाच्या बाजूने उभा राहिला, आणि १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

मग यादीच नको, 'द्वेष' एवढाच शब्द पुरे, असे कोणी म्हणेल. जॉर्जिया राज्याने तेही करून पाहिले. २००० साली तेथे कोणत्याही गटाचे नाव न घेता केवळ 'पूर्वग्रह' असा शब्द वापरून कायदा करण्यात आला. २००४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अतिशय संदिग्ध म्हणून रद्द केला. पुढची सोळा वर्षे त्या राज्यात असा कायदाच नव्हता. २०२० साली, एका कृष्णवर्णीय तरुणाच्या हत्येनंतर, तो नव्याने आणि कारणांची नावे घेऊन करावा लागला. जो कायदा सर्वांचे नाव घेऊ पाहतो, तो कोणाच्याच कामी येत नाही.

याच देशांच्या कायद्यांतील आणखी एक शब्द आपल्या कामाचा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अॅरिझोना राज्यात बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थाची त्याच्या पेट्रोलपंपासमोर गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्याने पगडी आणि दाढी पाहिली आणि त्याला अरब मुसलमान समजला. आता न्यायालयाने 'हा मुसलमान नव्हताच, तेव्हा मुसलमानांच्या द्वेषातून हत्या झाली असे म्हणता येत नाही' असे म्हणायचे काय? इंग्लंडच्या १९९८ च्या कायद्याने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. पीडित व्यक्ती त्या गटाची 'असणे' किंवा हल्लेखोराने तिला तशी 'समजणे', दोन्ही पुरेसे. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्यातही 'वास्तविक अथवा समजला गेलेला' अशा अर्थाचे शब्द आहेत. द्वेष मारणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, तेव्हा तो तेथेच शोधावा, हे या शब्दांमागील साधे शहाणपण आहे.

केवळ आपल्यासाठी नव्हे

यादीबाहेर केवळ ख्रिस्ती दलितच आहेत असे समजून आपण गाऱ्हाणे मांडू लागलो, तर ते अपुरे ठरेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षुक होते. हा समाज भटक्या जमातींत मोडतो. अनुसूचित जातींत किंवा जमातींत नाही. म्हणून अत्याचार प्रतिबंधाचा कायदा त्यांच्यासाठी नव्हता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, १९५२ साली तो कायदा रद्द झाला; पण अनोळखी भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची गावाची नजर रद्द झाली नाही. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीचा आहे, उर्वरित महाराष्ट्रात नाही. एकच आडनाव, एकच बोली, एकच टोपल्या विणण्याचा धंदा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो!

अर्थात, बदलाची चिन्हेही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरविले की, एखादी जात ज्या राज्यात अनुसूचित आहे, त्या राज्याबाहेर अत्याचार झाला, तरी पीडिताला या कायद्याचे संरक्षण मिळेल. शिक्षण-नोकरीच्या सवलती हद्दीला बांधलेल्या असतील, परंतु संरक्षण माणसाबरोबर प्रवास करते. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाची स्वतंत्र नोंद आहे. हे कलम पीडिताचा दाखला मागत नाही. राईनपाड्यासारख्या घटनेला ते लागू पडू शकेल, ख्रिस्ती दलिताच्या हत्येलाही. परंतु हे संरक्षण खून किंवा जबर दुखापत झाल्यावरचे आहे. रोजच्या अपमानाला, बहिष्काराला, पाणी तोडण्याला त्यात उत्तर नाही.

आक्षेप आणि आपले घर

यादी वाढविण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप आपल्या दलित बांधवांचाच आहे: वाटेकरी वाढले तर आमच्या वाट्याला काय उरणार? राखीव जागांच्या बाबतीत ही भीती समजण्यासारखी आहे. शंभर जागा शंभरांनाच मिळतात. परंतु संरक्षण ही वाटून संपणारी वस्तू नव्हे. माझ्या शेजाऱ्याला मारणाऱ्यास शिक्षा झाली, म्हणून माझे संरक्षण तसूभरही कमी होत नाही. संसदेची इच्छा असेल तर १९५० च्या आदेशाला हात न लावता, केवळ १९८९ च्या कायद्यातील व्याख्या रुंद करून, मूळच्या अनुसूचित जातीतून धर्मांतर केलेल्यांना अत्याचारापासून संरक्षण देता येईल. आजवर आपल्या चळवळीने हे दोन प्रश्न एकत्रच मांडले आहेत. त्यांची गाठ सोडवली, तर निदान एक तरी लवकर सुटेल, असे वाटते.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. २० मार्च २०१८ रोजी कऱ्हाडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी चौकशी व परवानगीची अट घातली. देशभर उद्रेक झाला, संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. खोट्या तक्रारी सर्वच कायद्यांखाली होतात. उलट खैरलांजीकडे पाहावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली, पण हे सूडाचे कृत्य होते असे मानून ना विशेष न्यायालयाने ना उच्च न्यायालयाने त्याला अत्याचाराचा कायदा लावला. यादीत असणाऱ्यांनाही न्याय इतका दुर्मिळ आहे. २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७ हजारांहून अधिक गुन्हे देशात नोंदले गेले.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे आणि तो आपल्याच अंगणात येऊन उभा राहतो. ख्रिस्ती धर्मात जात नाही असे तुम्हीच सांगता, मग जातीच्या नावाने संरक्षण कसे मागता? श्रद्धेच्या पातळीवर उत्तर सोपे आहे. ख्रिस्तात ज्यू-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे संत पौलाने गलतीकरांना निक्षून सांगितले. व्यवहाराच्या पातळीवर उत्तर देताना मात्र मान खाली जाते. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातील कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी राहिली. मार्च २००८ मध्ये तमिळनाडूतील एरैयूर या गावी दलित कॅथलिकांनी स्वतंत्र धर्मग्राम मागितला, त्यावरून कॅथलिकांनी कॅथलिकांवर हल्ले केले आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये तमिळनाडूच्या महागुरूंना जातिभेदाविरुद्ध स्पष्ट शब्दांत बजावले होते. २०१६ साली भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले.

आपल्या महाराष्ट्रातही अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात महार व मांग समाजातील हजारो कुटुंबांनी, प्रोटेस्टंट आणि नंतर येशूसंघीय धर्मगुरूंकडून, स्नानसंस्कार घेतला. त्यांचे नातू-पणतू आज आपल्या शहरांतील धर्मग्रामांत आहेत. त्यांच्याकडे मुलगी द्यायची वेळ आली की, 'ते नगरकडचे ना?' असा प्रश्न आपल्या किती घरांत हळू आवाजात विचारला जातो, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे. न्यायालयात आपण म्हणतो, 'धर्मांतरानंतरही जात सुटत नाही.' ती साक्ष खरी आहे. पण ती जशी गावाविरुद्ध आहे, तशी आपल्याविरुद्धही आहे. सूसैच्या खटल्यात न्यायालयाने जो पुरावा मागितला होता, तो दुर्दैवाने आपण स्वतःच पुरवीत आलो आहोत.

२००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातींच्या यादीतील धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच विषयावर निवृत्त सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला. आयोग येतात आणि जातात. दरम्यान वस्त्यांवरचे हल्ले कोणाच्या अहवालासाठी थांबत नाहीत.

एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण? तोही कायद्याचाच माणूस होता आणि त्याला एक यादी हवी होती: कोणावर प्रेम करणे बंधनकारक आहे आणि कोणाला वगळले तरी चालेल. प्रभूने यादी दिली नाही. यरीहोच्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत शोमरोनी कोण, याजक कोण, लेवी कोण हे सांगितले आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाची जात, गाव, धर्म मात्र सांगितलेला नाही. तो अर्धमेला होता, एवढेच सांगितले आहे. आपले कायदे संसदेत लिहिले जातात आणि त्यांना याद्या लागतात, हे खरे. पण ती यादी लिहिताना जखमेकडे पाहावे, दाखल्याकडे नव्हे, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो बजावण्यापूर्वी आपल्या दफनभूमीतील भिंती आणि आपल्या घरांतील हळू आवाज यांकडे पाहणे हे आपले कर्तव्य आहे.